ओक पार्क, सिटीकडची बाजू

सोमवार, ३ जून

आजपासून रोजनिशी. ऑफिसनं मनःस्वास्थ्यासाठी एक बाई नेमल्या आहेत, त्यांचा सल्ला. मनात येईल ते लिहीत जा, मरे, कोणी वाचणार नाहीये, असं म्हणाल्या. आमच्या जाहिरातीच्या धंद्यात हे वाक्य कोणी उच्चारलं तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत. पण बाईंना धंद्याचं काय.

मनात काय आलं: काही नाही. बरं चाललंय. माझी बायको नोएलीन ईस्टरपासून तिच्या बहिणीकडे आहे, ओक पार्कला. थोडे दिवस. जाताना स्वयंपाकघरात उभी राहून बराच वेळ बोलली. सारांश एवढाच की तिला जरा विश्रांती हवी आहे. इतकी वर्षं संसार झाला की माणसाला विश्रांती लागतेच. मलाही लागते, पण मी कुरकुर करत नाही.

संकल्प. रोज लिहायचं. रोज एक भाजी खायची. मेलबर्नचा हिवाळा संपायच्या आत नोएलीन घरात.

जेवायला टोस्टवर बीन्स. बीन्स ही भाजीच.

बुधवार, ५ जून

मॅक्री आला होता. कोबर्गचा कार्पेटवाला. कोबर्ग स्टेशनवरचं पॅनेल या वर्षी घ्यायचं नाही म्हणतो. कोणी बघत नाही रे मरे, पैसे पाण्यात, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको रोज त्याच स्टेशनवरून जाते म्हणे, तिला विचारलं तर ती त्यालाच विचारते, कुठली जाहिरात.

मी शांतपणे समजावलं. बायको म्हणजे एक माणूस. एका माणसावरून रेट ठरत नाही. रेट ठरतो तो असा: फाटकातून किती माणसं कार्ड टेकवून आत येतात, गाडीसाठी किती वेळ उभी राहतात, आणि उभी असताना त्यांची तोंडं कुठे असतात. पहिली गोष्ट मशीन मोजतं. दुसरी टाइमटेबल सांगतं. तिसरी मी सांगतो.

आमची मोठी पॅनेलं रुळांपलीकडच्या भिंतीवर असतात. अलीकडे उभ्या असलेल्या माणसानं समोर बघायचं. दुसरं बघण्यासारखं काही नसतं. सकाळी मेलबर्नमधला माणूस सिटीकडे जातो, म्हणून सिटीच्या गाडीची वाट बघणाऱ्यांच्या समोरचं पॅनेल महाग. उलट दिशेच्या, बाहेर जाणाऱ्यांच्या समोरचं पॅनेल आम्ही वर फुकट देतो, माशाच्या तुकड्यावर लिंबाची फोड द्यावी तसं. तिकडे सकाळी असतं कोण?

मॅक्री म्हणाला, विचार करून सांगतो. म्हणजे घेतो.

शुक्रवार, ७ जून

नोएलीन फोन उचलत नाही. मेसेजला अंगठ्याचं चित्र पाठवते. मी विचारलं, कशी आहेस. अंगठा. मी विचारलं, लोखंडी तवा कुठे ठेवलायस. पूर्ण वाक्य आलं: ओव्हनच्या खालच्या कप्प्यात, होता तिथेच.

दुपारी ऑफिसात ओक पार्कचा नकाशा समोर होता. सिटीकडच्या बाजूचं मुख्य पॅनेल रिकामं. विमा कंपनीनं सोडल्यापासून कोणी घेतलेलं नाही. आणि डोक्यात एकदम प्रकाश पडला. नोएलीन सिटीत कामाला, एका मोठ्या दुकानाच्या हिशेब खात्यात. म्हणजे रोज सकाळी ती त्या पॅनेलसमोर सात मिनिटं उभी असते. सरासरी. सात मिनिटं माझी बायको माझ्यासमोर शेवटची कधी उभी होती ते आठवत नाही.

फोन टाळता येतो. समोरची भिंत टाळता येत नाही.

बरं वाटलं. म्हणजे वाटलं असावं.

मंगळवार, ११ जून

काल इंग्लंडच्या राजाच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी होती. वाढदिवस राजाचा नव्हता, पण सुट्टी होती. दिवसभर मजकूर लिहिला.

पहिला मसुदा दीड पान झाला. त्यात ऐंशी टक्के मी बरोबर कसा होतो यावरच गेले. कापला. माझा नियम आहे, गिऱ्हाइकांनाही सांगतो: सात शब्दांवर माणूस वाचत नाही. डोळा सात शब्द घेतो आणि पुढे निघतो. सगळं जगणं मी याच नियमावर चालवतो. त्यामुळे वेळ फार वाचतो.

शेवटी ठरलं: 'नोएलीन, घरी ये. घर तुझी वाट बघतंय.' मोजल्यावर सात निघाले. खाली आपल्या प्रेस्टनच्या घराचा फोटो. विटांचं घर, पुढचं लिंबाचं झाड, हिरवं फाटक. फोटो जुनाच वापरला. नवा काढायचा तर पुढच्या बाजूला जावं लागतं, आणि तिकडे मी जात नाही. मागच्या गल्लीतून गाडी गॅरेजात, गॅरेजातून स्वयंपाकघरात. पुढचा दरवाजा पाहुण्यांसाठी असतो. पाहुणे नोएलीनचे असतात.

बुधवार, १२ जून

टॅम्सिनला दाखवलं. टॅम्सिन आमची साहेब. वय एकतीस, आणि बूट धावायचे. म्हणाली, खाजगी माणसाचं नाव पोस्टरवर चालत नाही मरे, तुला माहितीये. उद्या दुसरी कोणी नोएलीन तक्रार करेल. नाव काढ. वाट बघतंय वगैरे पण काढ, रडकं वाटतं.

उरलं 'घरी ये' आणि घराचा फोटो. तसा जास्तच जोरदार झालाय मजकूर. स्वतःचं घर माणूस ओळखतोच.

मग म्हणाली, तू सरळ फोन करून का बोलत नाहीस तिच्याशी? मी म्हटलं, फोन पोचतो एका माणसापर्यंत. म्हणाली, अरे पण तुला एकच माणूस हवंय ना. मुलगी हुशार आहे, पण या धंद्यात नवीन.

शेवटी दयाळूपणे म्हणाली, लावायचंच असेल तर तिथलं बाहेरच्या बाजूचं पॅनेल घे, कोणी घेत नाही, फुकट देते. मी नाही म्हटलं. फुकट जागेवरून बायकोला बोलावत नाहीत. सिटीकडची बाजू घेतली, चार आठवडे, पूर्ण रेटनं, पगारातून कापून. टॅम्सिन बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

सोमवार, १७ जून

पोस्टर लागलं. झॅमिटनं लावलं. झॅमिट आमचा चिकटवणारा, माल्टाचा, तोंडात सतत पुदिन्याची गोळी. फोनवर विचारलं, कसं दिसतंय. म्हणाला, सरळ आहे. मी म्हटलं, मजकूर कसा वाटतो? म्हणाला, मजकूर मी वाचत नाही मरे, मी कोपरे बघतो. आयुष्यात एक पोस्टर वाचलं नाही, आणि एकही वाकडं लावलं नाही. भिंत खाली ओली आहे, डावा खालचा कोपरा धरत नाही, वाळला की बसेल.

म्हणजे आता फक्त वाट बघायची. सकाळी उठून दाढी केली, सुट्टीच्या दिवशीसारखी नीट.

गुरुवार, २० जून

नोएलीनचा फोन. तिचा स्वतःहून. चौथ्या दिवशी. पोस्टर लागून तीन दिवसांत परिणाम दिसणं आमच्या धंद्यात क्वचित.

बोलणं बेताचंच. म्हणाली, ई-मेल केलाय, जोडीला कागद आहेत, शांतपणे वाच आणि काय ते मला सांग. मी खेळवत खेळवत विषय काढला, गाडीची वाट बघताना काय करतेस? म्हणाली, बसते. मी म्हटलं, समोर काय दिसतं? म्हणाली, मरे, तुला बरं वाटतंय ना?

लाजली.

मग ती इकडचं तिकडचं सांगत राहिली. सगळ्या म्हाताऱ्यांना फ्लू झालाय, रात्रपाळीला माणसं नाहीत, ब्रॉडीत थंडी इथल्यापेक्षा जास्त. म्हातारे म्हणजे बेव्हर्लीच्या सासरचे असणार. बेव्हर्ली म्हणजे तिची बहीण. सासर मोठं आहे.

ई-मेल उघडला. लांबलचक. पहिली ओळ: मरे, हे नीट वाच, मग सही कर. सात शब्द. वाचले. फोनवरच बोटानं सही केली आणि पाठवून दिलं. घराची कागदपत्रं ती बघते, विमा, नगरपालिका वगैरे. परत हातात घेतेय म्हणजे घरात मन आहे.

सोमवार, २४ जून

टॅम्सिननं बोलावलं. एका बँकेच्या माणसाचा फोन आला होता: ओक पार्कला ते 'घरी ये' कोणाचं आहे, नाव नाही, नंबर नाही, आमच्या विरुद्ध पार्टीचं गृहकर्ज आहे का? फार धाडसी आहे म्हणाला. टॅम्सिननं सांगितलं, गुप्त आहे.

बघा. लोकांची नजर जाते. मॅक्रीला कळवलं. त्याचं उत्तर: मग माझ्या कार्पेटवर का नाही गेली.

शुक्रवार, २८ जून

नोएलीन घरी येऊन गेली.

मी कामावर असताना. संध्याकाळी आलो तर स्वयंपाकघराचा ओटा चकचकीत. बिलं, किल्ल्या, माझा पत्त्यांचा कॅट, सगळं गायब, कपाटात भरलेलं. ओट्यावर काचेचा वाडगा आणि त्यात लिंबं, गच्च भरून. आपण घरात लिंबं कधी मांडून ठेवली नव्हती. बिछान्यावर सहा उशा. माझी आरामखुर्ची गॅरेजात. भिंतीवरचे आपले फोटोही नव्हते, नवीन फ्रेम करायला नेले असणार.

मी बराच वेळ लिंबांसमोर बसलो. काही वाटेल अशी वाट बघितली. चहा प्यालो. तिच्यासाठीही एक कप काढला होता, तो परत ठेवला.

तिचा मेसेज: आठवडाभर ओटा असाच ठेव. शनिवारी अकरा ते बारा घरात थांबू नकोस, प्लीज. पुढचे सगळे शनिवार.

तिला घरात एकटं बसायचंय. भिंतींशी बोलायचंय. बायका थेट परत येत नाहीत, आधी वास घेतात. अंगठा पाठवला.

शनिवार, ६ जुलै

पावणेअकराला मागच्या गल्लीतून निघालो. बेकरीत खिम्याची पाय पेस्ट्री खाल्ली, सॉस जास्त. तिच्या विचारांत व्यत्यय नको म्हणून सव्वाबारापर्यंत थांबलो.

परत आलो तर घरात अत्तराचा वास. नोएलीनचा नव्हे, पण बहिणीचं लावलं असेल. संडासातलं झाकण खाली. दिवाणखान्याच्या कार्पेटवर पावलांचे ठसे. बरेच. बिचारी येरझारा घालत होती.

संकल्प. आजपासून लिंबं वापरायची नाहीत. एक वापरलं होतं, त्याच्या जागी दुसरं आणून ठेवलं.

गुरुवार, ११ जुलै

ओक पार्कचा सर्व्हे आला. आमच्या ऑफिसच्या मुली फाटकाबाहेर उभ्या राहून लोकांना विचारतात, आत काय काय पाहिलंत. 'घरी ये' शंभरातल्या अकरांना आठवलं. अकरा म्हणजे फार चांगला आकडा. चॉकलेटला सहा मिळतात.

त्यातल्या काही जणांना ती बँक वाटली, काहींना बांधकाम कंपनी, एकाला चर्च. एका बाईंनी सांगितलं की घर गोड आहे, आणि विचारलं, आमच्या बजेटात बसेल का. नोएलीननं काय सांगितलं ते कळायला मार्ग नाही, सर्व्हेत नावं घेत नाहीत. पण अकरांत ती असणारच. शिवाय उरलेल्या एकोणनव्वदांनी समोर सात मिनिटं काय पाहिलं, हा प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला. टॅम्सिन म्हणाली, फोन, मरे. सगळे फोन बघत असतात.

मी तो मुद्दा नोंदवून घेतला नाही.

शनिवार, १३ जुलै

पुन्हा अकरा ते बारा. या वेळी कार्पेटवर बाबागाडीच्या चाकांची रेघ. ती बेव्हर्लीच्या नातवाला घेऊन आली असणार. बाथरूमच्या नळाखाली कोणीतरी वाकून बघितल्यासारखं कपाट उघडं. नळ गळतो हे ती विसरलेली नाही. गेल्या वर्षी तिनं सांगितलं होतं, त्याआधीच्याही वर्षी. संकल्प: नळ.

दुरुस्तीला सुरुवात केली. पाना सापडला नाही.

सोमवार, १५ जुलै

आज बुकिंग संपलं. पोस्टर मात्र आहे तिथेच. आमच्याकडे पद्धत आहे, जागा दुसरा कोणी घेईपर्यंत जुना कागद काढत नाहीत. मोकळ्या भिंतीपेक्षा जुनी जाहिरात बरी दिसते. कधी कधी वर्षभर राहते. गेल्या उन्हाळ्यातल्या नाताळच्या सेलच्या जाहिराती अजून आहेत काही ठिकाणी, आणि लोक त्याही बघतात. मी म्हणतो बघतात.

ती अजून आलेली नाही. एखाद्या गोष्टीवर नजर पडणं आणि लक्ष जाणं यात आम्ही फरक करतो, त्याला वेळ लागतो. आता मात्र प्रत्यक्ष जाऊन बघायचं ठरवलं. पोस्टर तिच्यासमोर, मी तिच्या शेजारी. ती वाचत असताना मी नुसता उभा राहीन. बोलायचीही गरज नाही.

गुरुवार, १८ जुलै

ओक पार्कला गेलो. गाडी बाहेर लावली. ट्रेनचं कार्ड सापडलं, पण बंद पडलं होतं. वापर नसला की पडतं म्हणे. नवीन घेतलं. एकवीस वर्षं स्टेशनं विकतोय, पण सकाळी साडेसातला प्लॅटफॉर्मवर उभं राहायची वेळ बरीच वर्षं आली नव्हती. थंडी असते.

सिटीकडच्या प्लॅटफॉर्मवर गर्दी. समोर रुळांपलीकडे माझं पोस्टर. खरंच सरळ लावलंय. 'घरी ये.' घर, लिंबाचं झाड, फाटक. मी माझ्या बाजूला नोएलीनला शोधलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नव्हती. सगळे माना खाली घालून फोन बघत होते. सगळे नाही. एक माणूस केळं खात होता.

मग समोर बघितलं. बाहेर जाणाऱ्या प्लॅटफॉर्मवर फक्त पाच-सहा माणसं. माझ्या पोस्टरच्या बरोबर खाली बाक आहे. बाकावर नोएलीन बसली होती. पोस्टरकडे पाठ.

अंगात निळा डगला, वृद्धाश्रमात घालतात तसला, वर स्वेटर. मांडीवर डबा. केस कापलेत. कधी कापले माहीत नाही, ईस्टरला कसे होते तेही नक्की सांगता येणार नाही. डोक्याच्या वर एक हात अंतरावर 'घरी ये'.

आज काहीतरी कामानिमित्त ती उलट दिशेला चालली असेल असं मी आधी धरलं. मग ब्रॉडी आठवलं, ते त्याच दिशेला, सिटीच्या उलट. म्हातारे आठवले.

ती माझ्याकडेच बघत होती. म्हणजे माझ्या दिशेला. मी तिच्या बरोबर समोर होतो, रुळांच्या अंतरावर, मागे मोकळी भिंत. आमच्या भाषेत याहून चांगली जागा नाही. मी हात वर केला नाही. हात करावा लागला तर जागेचा उपयोग काय. सात मिनिटं झाली असतील. तिची नजर माझ्यावरून दोनदा गेली. मग तिनं डबा बंद केला.

वाऱ्यानं पोस्टरचा सुटलेला कोपरा तिच्या खांद्याजवळ फडफडत होता. तिनं मागे न बघता हात नेला आणि तो कोपरा दाबून बसवला. सवय असल्यासारखा. रोज दाबत असणार. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

हाक मारणार होतो. तिची गाडी आली, गाडी गेली, बाक रिकामा.

नंतर माझीही गाडी आली. मी तीत चढलो नाही, माझी कार बाहेर होती.

शनिवार, २० जुलै

अकरा ते बारा बाहेर. बेकरी बंद होती, म्हणून चालत गेलो आणि परतताना चुकून पुढच्या रस्त्यानं आलो.

समोरच्या मिसेस काल्त्सास झाडांना पाणी घालत होत्या. हिवाळ्यातही घालतात. अरे मरे, म्हणाल्या, आमच्याकडे यायचंस की, असा काय रस्त्यावर भटकतोस. कितीला जाईल वाटतं? मी म्हटलं, काय? त्यांनी पाइपनंच दाखवलं.

आमच्या घरापुढे बोर्ड. माणसापेक्षा उंच, दोन खांबांवर, रंगीत. घराचा मोठा फोटो, ओट्यावरच्या लिंबांचा फोटो, सहा उशांचा फोटो. वर लिहिलंय: लिलाव, शनिवार २७ जुलै, सकाळी अकरा. पुढच्या दारातून एक जोडपं बाबागाडी बाहेर काढत होतं. दारात सूट घातलेला एक मुलगा उभा राहून त्यांना कागद देत होता. पुढचा दरवाजा सताड उघडा.

कधी लागला हा, मी विचारलं. मिसेस काल्त्सास म्हणाल्या, महिना होत आला की रे. तुझ्या घरापुढे आहे आणि तू मला विचारतोस?

मी म्हटलं, मी मागून येतो.

रविवार, २१ जुलै

ई-मेल पूर्ण वाचला.

चांगला लिहिलाय. थोडा लांब आहे. घर विकू, अर्धं अर्धं घेऊ, तुझं मत वेगळं असेल तर सही करू नकोस, फोन कर, मी थांबेन, असं चौथ्या परिच्छेदात आहे. वृद्धाश्रमातल्या नोकरीला तिला चार वर्षं झाली हे पाचव्यात. दुकानाचं हिशेब खातं तेव्हाच बंद झालं, तुला दोनदा सांगितलं होतं. राग नाही मरे, असं लिहिलंय. रागवायला कोणीतरी समोर लागतं.

फोन हातात घेतला. लावून काय बोलायचं ते ठरेना. सही माझीच आहे.

जेवायला बीन्स.

शुक्रवार, २६ जुलै

आठवडाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही वाटलं नाही. नळ दुरुस्त केला.

टॅम्सिनला सांगितलं. ती म्हणाली, मरे, आय ॲम सॉरी, सुट्टी घे. मी म्हटलं, शनिवारी तशीही सुट्टीच असते.

अजून एक दिवस आहे. उद्या ती येणारच लिलावाला. तिला पोस्टरबद्दल तोंडानं सांगायचं. संकल्प. सात शब्दांत बसवायचं नाही, जेवढे लागतील तेवढे वापरायचे. आता तिला कळलं की मी तिला परत बोलावत होतो, इतके आठवडे, पूर्ण रेटनं, तर लिलाव थांबवता येतो. हातोडा पडेपर्यंत थांबवता येतो, मी चौकशी केली.

शनिवार, २७ जुलै

पुढच्या दारानं बाहेर पडलो. रस्त्यावर चाळीसेक माणसं, निम्मे शेजारी. हातात कॉफी. आपल्याकडे शनिवारी सकाळी दुसऱ्याचं घर विकलं जाताना बघायला लोक कुत्रीसुद्धा घेऊन येतात. मिसेस काल्त्सासनी खुर्ची आणली होती.

नोएलीन फाटकापाशी उभी होती, बेव्हर्लीबरोबर. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. केस छान कापलेत, म्हटलं. ती म्हणाली, फेब्रुवारीत कापले. मग म्हणाली, पण थँक्यू.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सूटवाल्या मुलानं, घरं विकणाऱ्या एजंटांचा तो, ब्रेडन त्याचं नाव, बोली सुरू केली. पटापट वर गेली. मागून एक तरुण जोडपं हात वर करत होतं, बाबागाडीवालं. बाकीचे एकेक गळाले. ब्रेडन म्हणाला, एकदा, दोनदा. मी नोएलीनला म्हटलं, ओक पार्कला एक पोस्टर आहे. तिनं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी. हातोडा पडला.

टाळ्या. लोक आपल्याकडे टाळ्या वाजवतात.

ब्रेडन धावत आला, माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, मिस्टर ट्रेविन, स्टेशनच्या जाहिराती तुम्ही विकता असं मॅडमनी सांगितलं होतं, पण कमाल केलीत तुम्ही. हे दोघं ओक पार्कहून सिटीला जातात, रोज सकाळी तुमचं पोस्टर बघत होते. घरी ये. घराच्या प्रेमातच पडले. मग आमच्या यादीत तोच फोटो दिसला आणि उड्याच मारल्या. दुसरा कोणी एवढ्या वर गेलाच नसता. तरुण नवराही आला, म्हणाला, फार सुंदर जाहिरात होती, माझी बायको ती बघून एकदा रडली.

नोएलीन माझ्याकडे बघतच होती. म्हणाली, तू घराची जाहिरात दिलीस? आपल्या घराची? ओक पार्कला?

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, मला वाटलं होतं तुझं लक्षच नाहीये. तिचे डोळे भरले होते. तिनं माझा दंड धरला, थोडा वेळ, दाबून. मग म्हणाली, थँक्यू, मरे. हे तू छान केलंस. आणि आत जाऊन कागदांवर सही केली.

मीही केली. या वेळी वाचून.

मंगळवार, ३० जुलै

ओक पार्कचं ते पॅनेल गेलं. ब्रेडनच्या ऑफिसनंच घेतलं, वर्षभरासाठी, पूर्ण रेटनं. टॅम्सिन म्हणाली, या महिन्यातली सगळ्यात मोठी विक्री तुझी. मॅक्रीला कळवलं. तोही घेतो म्हणाला.

झॅमिट सकाळी नवा कागद चिकटवून आला. म्हणाला, एक गंमत, तुझ्या त्या जुन्या पोस्टरचा खालचा कोपरा कोणीतरी चिकटपट्टीनं बसवला होता. जखमेवर लावतात ती पट्टी, हॉस्पिटलातली. एक नाही, तीन-चार, एकावर एक, जुनी सुटली की नवी. मी विचारलं, त्या काढल्यास का? म्हणाला, काढाव्या लागतात मरे, नाहीतर नवा कागद वर फुगतो.

मी म्हटलं, बरोबर आहे. फुगतो.